हाकेच्या अंतरावर

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा आधीच्या सिस्टरने चार्ज देताना तीन गोष्टी हातात ठेवल्या. कपाटाची किल्ली, बाळांचा वजनकाटा आणि वाड्या-पाड्यांची यादी. यादीत प्रत्येक वाडीपुढे लोकसंख्या, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर माता आणि सगळ्यात शेवटी एक रकाना होता, ‘उपकेंद्रापासून अंतर, कि.मी.’. शेवटच्या वाडीपुढे आकडा होता ४.

मी मुरबाडची. बाजारपेठेतून एसटी स्टँडपर्यंत जायचं, एवढंच माझं तोवरचं चालणं. तरी चार किलोमीटर म्हणजे तास, फार तर सव्वा तास, असा हिशेब केला आणि लसींचा निळा डबा खांद्याला लावून नऊ वाजता निघाले. अर्ध्या वाटेत एक ठाकूरबाबा भेटले. वाडी किती लांब, विचारलं तर हातातली काठी समोरच्या डोंगराकडे रोखून म्हणाले, ‘‘ही काय, हितंच.’’ वाडी दिसत होती खरी. कौलांतून निघणारा धूरसुद्धा दिसत होता. पण मध्ये ओहोळ होता. वाट त्या ओहोळात उतरत होती, पलीकडे चढत होती, मग धारेला लागून उगाच उजवीकडे लांब जाऊन परत डावीकडे येत होती. उगाच नव्हे, तिथे कडा होता, हे मला पुढे कळलं. वाडीत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. आया वाट बघून भाताच्या खाचरांत निघून गेल्या होत्या.

परत आल्यावर मी आमच्या जुन्या शिपाईमामांना विचारलं, ‘‘मामा, हे चार आले कुठून?’’ मामा हसले. म्हणाले, ‘‘बाई, कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली असंल. नकाशात ओहोळ निळ्या रेघेचा असतो. त्यात पाय भिजत नाही.’’

कागदावर याला हवाई अंतर म्हणतात, हे मला ठाऊक होतं. ते पायाला कसं लागतं, हे त्या दिवशी समजलं.

पुढे अठ्ठावीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून काढली. निम्मी शहापूर तालुक्यात, निम्मी मुरबाडमध्ये, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही तालुक्याची गावं. नकाशावर पट्टी ठेवली तर मधे वीस-बावीस किलोमीटर भरतात. पण बदली झाली तेव्हा सामानाचं पोतं घेऊन किन्हवली, सरळगाव करत एसटी बदलत आले, त्यात अर्धा दिवस गेला. एक एसटी चुकली, दुसरी आलीच नाही. नकाशात एसटीची वाट बघणं दाखवायला कुठली रेघ असते?

लस घेऊन हिंडणाऱ्या माणसाला मात्र वेळेचा विसर पडून चालत नाही. आमच्या डब्यात घड्याळच असतं म्हणा ना. सकाळी फ्रीझरमधून बर्फाचे चार पॅक काढायचे आणि लगेच डब्यात टाकायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे. त्यांना घाम फुटला पाहिजे. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला की तो तयार झाला. कडक गोठलेला पॅक लावला तर आतल्या काही लसी गोठतात, आणि एकदा गोठलेली लस नंतर कितीही थंड ठेवा, कामाची राहत नाही. ऊन लागून लस खराब होते हे सगळ्यांना समजतं. थंडीनेही खराब होते, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघायचे.

कुपीवर एक बारीक चित्र असतं. जांभळं वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. कुपीला जशी उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो. चौकोन आणि वर्तुळ एका रंगाचं झालं की कुपी बाद. हा चौकोन कधी फिकट व्हायला मागे फिरत नाही. किती किलोमीटर आलात हे त्याला कळत नाही. किती वेळ उन्हात होतात, फाट्यावर जीपची किती वाट पाहिलीत, डबा किती वेळा उघडलात, ते तो सगळं साठवून ठेवतो. माझ्या मते आमच्या खोऱ्यातला अंतर मोजणारा सगळ्यात प्रामाणिक कर्मचारी तोच.

आणि गोवरची लस. तिची पावडर वेगळी, पाणी वेगळं. दोन्ही एकत्र केलं की चार तास. चार तासांत जेवढी बाळं समोर आली तेवढी आली, उरलेलं फेकायचं. एका ठिकाणी फोडलेली कुपी दुसऱ्या ठिकाणच्या सत्राला न्यायची नाही. एकच बाळ आलं तरी कुपी फोडा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगत. ऐकायला सोपं आहे. पण महिन्यातून एकदा येणाऱ्या डब्यात दोनच कुप्या असल्या की हात आखडतो.

माळशेजच्या पायथ्याच्या माझ्या हद्दीत हा हिशेब अवघड करणाऱ्या दोन वाड्या होत्या. एक अलीकडच्या कडेला, एक पलीकडच्या. मधे घळ. अंगणवाडी अलीकडच्या वाडीत, म्हणून सत्र तिथे. पलीकडच्या आयांनी बाळं घेऊन इकडे यायचं. मोबाइल होते, पण रेंज नव्हती. मग आमच्या आशाताई अंगणवाडीमागच्या कातळावर उभ्या राहायच्या, दोन्ही तळवे तोंडाशी धरायच्या आणि पोटातून हाक मारायच्या. हाक पलीकडे जायची, जरा वेळाने तिकडून एक बारीक ‘ओ’ यायचा. आशाताई कातळावरून उतरून म्हणायच्या, ‘‘निघाल्या.’’

मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. हाक पोचायला साधारण अडीच सेकंद. म्हणजे मधलं अंतर साधारण आठ-नऊशे मीटर. आणि बाळ कडेवर घेतलेली बाई पोचायला उन्हाळ्यात सव्वा तास. पावसाळ्यात दोन तास. ओहोळ भरून आला तर त्या दिवशी येणं नाही. आपण मराठीत अगदी जवळ आहे म्हणायचं असलं की ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो. हा वाक्प्रचार सपाटीवरच्या माणसाने काढला असणार.

बाळ समोर दिसल्याशिवाय पावडरीत पाणी घालायचं नाही, एवढं मात्र मी त्या ‘निघाल्या’वरून शिकले. निघणं वेगळं, पोचणं वेगळं.

त्या सुमारास मी एक दोनशेपानी वही घातली. सरकारी नव्हे, माझी. डावीकडे वाडीचं नाव आणि पुढे तीन रकाने. उन्हाळा, पावसाळा, दिवाळीनंतर. तिसरा रकाना कशाला, असं नवीन लोक विचारत. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे आणि कुठे कुठे. बाळाचा दुसरा डोस वाडीत ठरलेला आणि बाळ भट्टीवर. तेव्हा त्या घराचं अंतर किती लिहायचं? मी रकान्यात भट्टीचा पत्ता लिहायचे, तोही ‘अमक्या पुलाच्या पुढे, दोन भट्ट्या सोडून तिसरी’ असा. कार्डावर पुढच्या डोसची तारीख आणि ‘तिथल्या सिस्टरला दाखव’ असं बजावून सांगायचं, इतकंच आपल्या हातात.

वहीत किलोमीटर नव्हतेच. नुसती तास-मिनिटं होती. त्यात काही माझी अक्कल नाही. जगात जो प्रवास विकतो, तो एकतर पैशात मोजतो नाहीतर वेळेत. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, पण प्रवासी त्याला भाड्यानेच ओळखतो. विमानाचं तिकीट मी पहिल्यांदा पाहिलं भाच्याचं, मुंबई-दिल्ली. त्यावर कुठेही किलोमीटर नव्हते. सुटण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ. भाच्याने सांगितलं की त्या वेळेत विमान जमिनीवर रांगेत हळूहळू सरकतं तेही धरलेलं असतं. म्हणजे विमानवाल्यांनाही ठाऊक आहे की नुसतं हवेतलं मोजून भागत नाही. तरी त्याच्या दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी तो मुरबाडहून पहाटे निघाला होता. मुरबाडला अजून रेल्वे नाही. आधी कल्याण, मग पुढचं पुढे. आकाशातल्या प्रवासापेक्षा विमानतळ गाठायलाच जास्त वेळ लागला.

आमच्या वाड्यांवरून विमानं रोज जातात. माळशेजचा कडा ओलांडला की ती मुंबईकडे खाली उतरू लागतात. संध्याकाळी एकामागे एक दिवे दिसतात. एकदा वजन घेताना एका पोराने विचारलं, ‘‘सिस्टर, त्याला मुंबईला किती येळ?’’ मी म्हटलं, दहा-पंधरा मिनिटं. तो म्हणाला, ‘‘आन् आपल्याला?’’ मी मोजायला लागले. वाडी ते फाटा पायी एक तास. फाट्यावर जीप मिळेपर्यंत. टोकावडा. तिथून एसटी, मुरबाड, कल्याण. मग लोकल. माझं बोलणं संपेपर्यंत तो पळून गेला होता.

याच डोंगरातून मुंबईपर्यंत चालत गेलेला एक प्रवासी महाराष्ट्राला माहीत आहे. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत सापडलेला एक बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. तो कसाऱ्याकडे गेला, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत महिन्याभराच्या आत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर त्याच्या नावावर लागलं. पुढे त्याच्यावर चित्रपटही आला. मला त्यात एकच गोष्ट वाटली. पट्टा थोड्या थोड्या वेळाने जागा कळवतो, आणि आपण ठिपक्याला ठिपका जोडतो. दोन ठिपक्यांच्या मधे बिबट्या काही पट्टीने आखल्यासारखा चालला नसेल. त्यालाही कडे लागले असतील, वस्ती टाळायला वळसा पडला असेल. त्याचं खरं चालणं आकड्यापेक्षा जास्तच असणार. माझ्या वहीने मला एवढा संशय घ्यायला शिकवलं होतं.

आणि तरीही २०२१च्या सप्टेंबरमध्ये मी चुकले.

कोविडच्या लसीकरणाचे दिवस. एका कुपीत दहा डोस, आणि कुपी उघडली की चार तास. वाया जाणाऱ्या प्रत्येक डोसचा हिशेब द्यावा लागायचा, रोज संध्याकाळी. लोक आधी येत नव्हते, घाबरत होते. त्या दिवशी कशीबशी सात माणसं अंगणवाडीत जमली. आशाताईंनी कातळावरून हाक मारली. तिकडून ‘ओ’ आला, तिघं निघाली. सात आणि तीन दहा. एवढा नेमका हिशेब जमलेला पाहून मला मोह झाला. जमलेली माणसं उठून जायच्या आत अकरा वीसला मी कुपी उघडली.

आमच्याकडे ऊन होतं. घाटावर मात्र पाऊस झाला असावा, कारण ओहोळाला अचानक लोंढा आला. तिघं पलीकडच्या काठावर बसून राहिली. पाणी ओसरल्यावर उतरली. अंगणवाडीच्या दारात आली तेव्हा पावणेचार वाजले होते. दोन बायका आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याने सदरा भिजू नये म्हणून डोक्याला गुंडाळला होता. दारात उभं राहून त्याने तो सोडवला, झटकला आणि अंगात घातला. सुई घ्यायला आलेला माणूस उघडा बरा दिसत नाही, म्हणून असेल.

चार तास तीन वीसलाच संपले होते. कुपी बाद झाली होती. डब्यात दुसरी कुपी होती. तिघांसाठी ती उघडायची तर सात डोस वाया जाणार, आणि संध्याकाळी मला त्याचं कारण लिहावं लागणार. ‘पुढच्या सत्राला या,’ मी म्हटलं. कुणी काही बोललं नाही. चहा पिऊन ती तिघं परत गेली. दोन तास उतरायला-चढायला, अंधार पडायच्या आत.

पुढच्या सत्राला दोघी बायका आल्या. म्हातारा आला नाही. मी स्वतः पलीकडे गेले. तो ओटीवर बसला होता. म्हणाला, ‘‘मी येऊन गेलो की. तुमचीच येळ संपली व्हती.’’

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या बाजूने तो पोचला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जव्हारच्या माझ्या मैत्रिणीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार आमच्याच जिल्ह्यात होतं. व्हिडिओत एक ड्रोन लसींची पेटी घेऊन उडत होता. जव्हारहून झाप गावाला तीनशे डोस नेले, रस्त्याने चाळीस मिनिटं लागतात तिथे नऊ मिनिटांच्या जरा वर लागली, अशी बातमी होती. त्याच्या महिनाभर आधी मणिपूरमध्ये बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातल्या कारांग बेटावर अशीच लस गेली होती. रस्त्याने सव्वीस किलोमीटर, हवेतून पंधरा, आणि वेळ बारा ते पंधरा मिनिटं. आफ्रिकेतल्या रवांडात तर २०१६पासून दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या अशाच उडत येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या चहाला बसलो होतो, तेव्हा हाच विषय. आपल्याकडे ड्रोन कुठे उतरेल? कुणी म्हणे शाळेच्या पटांगणात, कुणी म्हणे तिथे शेरडं असतात. एकीने मोबाइलवर नकाशा काढून अंतर मोजायला घेतलं. माझ्या त्या दोन वाड्यांत बोट ठेवलं तर आठशे चाळीस मीटर आले. हाक मारून मी काढलेल्या आकड्याच्या जवळच. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, ड्रोनला मिनिट लागेल. आशाताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आणि पलीकडे उतरल्यावर सुई कोण देणार? सिस्टर तर अलीकडं.’’

हे खरंच होतं. ड्रोनची नऊ मिनिटं एका आरोग्य केंद्रापासून दुसऱ्या आरोग्य केंद्रापर्यंतची. दोन्ही टोकांना फ्रीज, दोन्ही टोकांना माणूस. आमचा वेळ मोडतो तो त्याच्या पुढे, डांबर संपतं तिथून.

पण एवढं बोलून ड्रोनला निकालात काढायला माझं मन तयार होईना. मला राहून राहून तो म्हातारा आठवत होता. ड्रोन काही त्याला ओहोळ ओलांडून देणार नव्हता. पण आणखी कुप्या अर्ध्या तासात मागवता येतात, एवढी खात्री त्या दिवशी मला असती, तर मी दुसरी कुपी उघडली असती. तिघांसाठी उघडली असती. माझा हात ओहोळाने नव्हता आखडला. डबा परत भरायला किती वेळ लागेल, या धास्तीने आखडला होता. रवांडातही असंच झालं असणार. रक्त लवकर येतं म्हटल्यावर प्रत्येक दवाखान्याला साठा धरून बसायची आणि तो नासवायची गरज राहत नाही. वेग वाढला की काही वाटा तेवढ्याच राहतात. पण त्या वाटांवरून दमून आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची पाळी कमी येते. मला ड्रोन हवा आहे तो एवढ्यासाठी.

निवृत्त झाल्यापासून मी मुरबाडलाच आहे. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. इगतपुरी-कसाऱ्याचा आठेक किलोमीटरचा बोगदा गाडी सात-आठ मिनिटांत पार करते. भाच्याने हौसेने नेलं. गाडी बाहेर आली तेव्हा मी सवयीने डोंगराच्या कुशीत कुठे धूर दिसतो का ते बघत होते. वरून जाणाऱ्या रस्त्याला खालच्या वाड्या जवळ वाटतात. अगदी हाकेच्या अंतरावर.

वही मी नव्या सिस्टरला दिली. पोरगी हुशार आहे. पलीकडच्या वाडीला आता कातळावर उभं राहिलं की फोनची रेंज येते, हाक मारावी लागत नाही. ती मेसेज टाकते, तिकडून लगेच ‘निघालो’ येतं. निघालो म्हणजे काय ते तिला मी सांगून ठेवलं आहे.

परवा तिचा फोन आला. वरून नवा तक्ता आलाय, म्हणाली. अंतराचा रकाना आहे, वहीत तर किलोमीटर कुठेच नाहीत. ‘‘मॅडम, त्या पलीकडच्या वाडीचं अंतर किती लिहू?’’

मी म्हटलं, ‘‘कोणत्या महिन्यातलं?’’